मासळीच्या नोंदी आणि ग्रंथालयांचे नवे कर्तव्य

वर्सोव्याच्या बंदरावर होड्या लागल्या की तेथे दोन हिशेब सुरू होतात. पहिला कोळणींचा. बोंबील किती, मांदेली किती, करंदी किती, त्यांतले सुकवायचे किती आणि बाजाराला न्यायचे किती, हे त्या उभ्याउभ्या ठरवितात. हा हिशेब बहुधा तोंडीच राहतो आणि संध्याकाळपर्यंत संपतो. दुसरा हिशेब सरकारी संशोधन संस्थेच्या माणसाचा. कोणत्या प्रकारची होडी, कोणते जाळे, समुद्रात किती वेळ, कोणती मासळी किती, हे तो नोंदवून घेतो. हा हिशेब मात्र त्या दिवशी संपत नाही. किंबहुना त्याची खरी किंमत त्या दिवशी कोणालाच कळत नाही. ती दहा, वीस, कधी पन्नास वर्षांनी कळते. अर्थात तोवर ती नोंद शिल्लक राहिली असेल आणि तिचा अर्थ सांगणारे कोणी असेल तर!

या शेवटच्या 'तर'मध्ये आजच्या विज्ञानापुढचा एक मोठा प्रश्न सामावलेला आहे. प्रयोग करणे, सिद्धांत मांडणे आणि संगणकावर प्रतिरूप उभे करून पाहणे, या विज्ञानाच्या तीन वाटा सर्वपरिचित आहेत. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी २००७ साली दिलेल्या एका व्याख्यानात चौथ्या वाटेकडे लक्ष वेधले. साठलेल्या प्रचंड नोंदींतूनच नवे ज्ञान शोधून काढण्याची ही वाट होय. अशा नोंदींना इंग्रजीत 'डेटा' म्हणतात; मराठीत 'विदा' हा शब्द आता रुळू लागला आहे. हवामान, जनुकशास्त्र, खगोलशास्त्र, रोगांच्या साथी आणि मत्स्यविज्ञान, या साऱ्या शाखा आज या वाटेने जात आहेत. पण या प्रवासाची शिदोरी सांभाळायची कोणी? उपकरणे बदलतात, शास्त्रज्ञ निवृत्त होतात, प्रकल्पांची मुदत संपते. संस्थेत पिढ्यान् पिढ्या टिकून राहणारा आणि ठेवलेली वस्तू मागेल त्याला काढून देणारा विभाग एकच, तो म्हणजे ग्रंथालय. नोंदी जपण्याचे काम या विभागाकडे रीतसर सोपविले पाहिजे आणि त्यासाठी त्याला माणसे व पैसा दिला पाहिजे. हे का, ते वर्सोव्यात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल.

बंदरावरची वही

वर्सोवा कोळीवाड्यासाठी प्रसिद्ध आहे, तसे ते मत्स्यविज्ञानाचेही गाव आहे. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ साली स्थापन झाली, १९७९ साली ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली आणि १९८९ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मत्स्यविज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी देशभरातील विद्यार्थी येथे येतात. याच संस्थेच्या जुन्या आवारात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबईतील केंद्र आहे. या दुसऱ्या संस्थेची स्थापना ३ फेब्रुवारी १९४७ ची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही सहा महिने आधीची. तिचे मुख्यालय कोचीला असून, देशाच्या किनाऱ्यावर दर वर्षी किती सागरी मासळी उतरते याचा अंदाज ती बांधते.

हा अंदाज बांधायची रीत समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक बंदरावर, प्रत्येक होडीजवळ, रोज माणूस उभा करणे शक्य नाही. म्हणून किनाऱ्याचे विभाग पाडले जातात, महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग केले जातात आणि नमुना म्हणून बंदरे व दिवस निवडले जातात. सर्वसाधारण रीतीप्रमाणे निवडलेल्या दिवशी पाहणी करणारा दुपारी बारा ते सहा बंदरावर असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा पुन्हा असतो आणि मधल्या रात्री आलेल्या होड्यांची माहिती चौकशी करून घेतो. होड्या पंधरापर्यंत असतील तर सर्वांची नोंद होते. अधिक असतील तर ठरलेल्या प्रमाणात निवड होते. मग या नमुन्यावरून त्या विभागाचा, राज्याचा आणि शेवटी देशाचा आकडा काढला जातो. वर्तमानपत्रात 'यंदा इतके लाख टन मासळी' अशी एक ओळ छापून येते, तिच्यामागे असंख्य दुपारी आणि पहाटा उभ्या असतात.

आता या नोंदींत नेमके काय जपायचे, हा प्रश्न येतो. वार्षिक बेरीज जपली म्हणजे झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते खरे नाही. वर्सोव्याची पारंपरिक मासेमारी डोल जाळ्याची. हे जाळे समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी त्यात शिरते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगात या जाळ्याला लागणारी मासळी सारखी नसते. कोळ्याला हे तिथीवरून कळते. रोजच्या नोंदीत तारीख असेल तर तिथी काढता येते आणि पन्नास वर्षांनंतरही प्रवाहाचा व मासळीचा संबंध तपासता येतो. महिन्याची बेरीज करून मूळ कागद रद्दीत घातले, तर त्या बेरजेतून उधाण आणि भांग दोन्ही पुसले जातात. बेरीज सोयीची असते, पण पुढच्या पिढीचे प्रश्न आजच्या बेरजेला ठाऊक नसतात.

पंचेचाळीस वर्षांचा नीचांक

२०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.०१ लाख टन मासळी उतरली. आदल्या वर्षीचा आकडा २.९५ लाख टनांचा होता; म्हणजे एका वर्षात सुमारे ३२ टक्क्यांची घट झाली. देशाचे एकूण उत्पादन मात्र त्याच वर्षी किंचित वाढून ३५.६ लाख टनांवर गेले. राज्याचा हा आकडा गेल्या ४५ वर्षांतील सर्वांत कमी असल्याचे संशोधन संस्थेने जाहीर केले. कोळीवाड्यांत चिंता पसरली, वर्तमानपत्रांनी मथळे दिले, आणि ते योग्यच होते.

या बातमीतील एका शब्दाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. '४५ वर्षांतील' असे म्हणता येण्यासाठी ४५ वर्षांच्या नोंदी कोणीतरी ठेवलेल्या असाव्या लागतात, आणि त्या एकाच मापाने मोजलेल्या असाव्या लागतात. त्या नसत्या तर '२०१९ साली मासळी कमी मिळाली' एवढेच म्हणता आले असते. आणि तेवढे तर वर्सोव्याची कोणतीही कोळीण कागदाशिवाय सांगू शकली असती.

याच आकड्याची दुसरीही बाजू आहे. २०१९ हे अरबी समुद्रातील वादळांचे वर्ष होते. जूनमध्ये 'वायू', ऑक्टोबरच्या अखेरीस 'क्यार', पाठोपाठ 'महा'. ऐन हंगामात होड्या किनाऱ्यावर बांधून ठेवाव्या लागल्या. मासळी कमी उतरली, ती समुद्रात मासे कमी झाले म्हणून किती आणि समुद्रात जाण्याचे दिवस कमी झाले म्हणून किती, हे निव्वळ बेरजेवरून कळत नाही. त्यासाठी होड्यांच्या फेऱ्या, समुद्रातले तास आणि त्या दिवसांच्या हवामानाची नोंद आकड्याशेजारी असावी लागते. तीस वर्षांनी एखादी विद्यार्थिनी २०१९ चा आकडा पाहील आणि तिच्याजवळ हा संदर्भ नसेल, तर ती चुकीचा निष्कर्ष काढील. त्यात दोष तिचा नसेल. आकडा जपला पण त्याची हकीकत जपली नाही, हा दोष मागच्या पिढीचा असेल.

ग्रंथालयशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. पुस्तकाबरोबर त्याची नोंदपत्रिका असावी लागते. लेखक, आवृत्ती, साल, विषय, जागा हे सारे तिच्यावर असावे लागते, हे शास्त्र ग्रंथपाल शंभर वर्षे चालवीत आला आहे. नोंदींनाही अशीच पत्रिका लागते. कोणी मोजले, कोठे, केव्हा, कशाने, कोणत्या एककात आणि त्या दिवशी काही वेगळे घडले होते काय, एवढे तिच्यावर असले तर आकडा बोलू लागतो.

कुलाब्याचा धडा

वही नीट ठेवल्याने काय साधते, याचे जगाने मान्य केलेले उदाहरण याच शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होऊ लागली. उपकरणाजवळ माणूस बसे, डोळ्यांनी वाचन करी आणि वहीत लिही. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक तेजस्वी स्फोट पाहिला. त्यानंतर आलेल्या चुंबकीय वादळाने युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडविली. लंडनजवळच्या वेधशाळांत छायाचित्रण पद्धतीने आपोआप नोंद करणारी उपकरणे होती. वादळ इतके तीव्र होते की त्यांची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याच्या वहीत मात्र आकडे उतरले. क्षितिजसमांतर चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट तेथे नोंदली गेली.

ही नोंद १४४ वर्षे थांबून राहिली. २००३ साली अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलमधील वॉल्टर गोन्झालेझ आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरुबक्षसिंग लखिना व एस. ॲलेक्स यांनी तिच्या आधारे त्या वादळाची तीव्रता मांडली. हा केवळ इतिहासाचा विषय नव्हता. मार्च १९८९ मध्ये त्याहून पुष्कळ सौम्य अशा वादळाने कॅनडातील क्युबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले होते. उपग्रह आणि वीजवाहिन्यांवर अवलंबून असलेल्या जगाला सर्वांत वाईट वादळ किती वाईट असू शकते हे जाणून घ्यायचे होते, आणि ते मोजून ठेवलेले होते कुलाब्याला.

याहून बोधप्रद आहे ती पुढची हकीकत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर कुलाब्याची चुंबकीय मोजणी बिघडणार हे उघड होते. म्हणून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा सुरू झाली. पण वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी जुनी मोजणी लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू राहिली. त्यामुळे कुलाब्याचा आकडा अलिबागच्या आकड्याशी कसा जोडायचा हे कळले आणि मालिका अखंड राहिली. पुढे १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी विवेचनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. मोजणे, जोडून देणे, वर्णन करणे आणि छापून ग्रंथालयांत ठेवणे, ही चारही कामे त्यांनी विज्ञानाचाच भाग मानली. आज पहिल्या कामाला मान आहे. उरलेली तीन कोणाचीच नाहीत.

नोंदी कशा हरवतात

कुलाब्याची १८५९ ची वही आज वाचता येते. तीस वर्षांपूर्वीची एखादी फ्लॉपी मात्र वाचता येत नाही, हा आपल्या काळाचा विरोधाभास आहे. पूर्वीच्या टंकलिखित प्रबंधांत शेवटी परिशिष्टे जोडलेली असत आणि मूळ कोष्टके तेथे सापडत. पुढे कोष्टके संगणकात गेली, प्रबंधात फक्त सरासऱ्या आणि आलेख राहिले. प्रबंधाची प्रत ग्रंथालयात आली. ज्यावर तो उभा होता ती मोजमापे विद्यार्थ्याच्या संगणकातच राहिली. संगणक बदलला आणि ती गेली.

हे किती प्रमाणात घडते याचा एक काटेकोर शोध २०१४ साली प्रसिद्ध झाला. टिमथी व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणी व वनस्पतींच्या मोजमापांवर आधारलेले, २ ते २२ वर्षांपूर्वीचे ५१६ शोधनिबंध निवडले आणि त्यांच्या लेखकांकडे मूळ नोंदी मागितल्या. निबंध जितका जुना तितकी नोंदी मिळण्याची शक्यता कमी, हे अपेक्षितच होते; पण ती शक्यता दर वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी घसरत असल्याचे दिसले. हे शास्त्रज्ञ बेफिकीर होते असे नव्हे. घरातील कागद सांभाळणे हे जसे कोणाचेच ठरलेले काम नसते आणि म्हणून कागद हरवतात, तसेच येथे घडते.

नोंदी हाती राहिल्या तरी अर्थ हरवतो, ही दुसरी आपत्ती. बंदरावर माप पाटीचे, टोपलीचे, क्रेटचे. पाटीत किलो किती हे बंदर, मासळी आणि काळ यांप्रमाणे बदलते. वहीत '४० पाट्या' लिहिले आणि पाटीचे वजन लिहिले नाही, तर पुढच्या वाचकाला तो आकडा निरुपयोगी आहे. नावांची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमासा म्हणून ज्याची निवड केली, त्या पापलेटाचेच पाहावे. शास्त्रीय साहित्यात या माशाला दीर्घकाळ 'पाम्पस अर्जेन्टिअस' म्हटले गेले. अलीकडच्या संशोधनात असे दिसले की भारताच्या किनाऱ्यावरचे पापलेट हे त्या जातीचे नसून, फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८२९ साली जिला 'कँडिडस' नाव दिले होते ती वेगळी जात आहे. म्हणजे जुन्या नोंदी एका नावाखाली आणि नव्या दुसऱ्या नावाखाली. संगणकाला कोणी सांगितले नाही, तर तो म्हणेल की एक मासा अचानक नाहीसा झाला आणि दुसरा अवतरला.

एकच लेखक तीन नावांनी लिहीत असेल तर तिन्ही नावे एकमेकांशी जोडणारी पत्रिका ग्रंथपाल करतो. 'हे नाव पाहा', 'हेही पाहा' अशा त्या पत्रिका जुन्या वाचकांना आठवत असतील. माशांच्या नावांना, बंदरांच्या बदललेल्या नावांना, जाळ्यांच्या प्रकारांना याच पत्रिका हव्या आहेत. साधन बदलले, विद्या तीच आहे.

ग्रंथपालाकडून काय हवे

शियाली रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तक हे वापरासाठी आहे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हा त्यांचा आशय ग्रंथालयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. त्यांत 'पुस्तक' या शब्दाच्या जागी 'नोंद' घातली तर आजचे काम आपोआप समोर येते. २०१६ साली जगातील अनेक संशोधकांनी मिळून विज्ञानाच्या नोंदींसाठी चार कसोट्या सांगितल्या: नोंद शोधता यावी, हाती घेता यावी, दुसऱ्या नोंदींशी जुळविता यावी आणि पुन्हा वापरता यावी. रंगनाथनांच्या शिष्यांना यात अनोळखी असे काही वाटू नये.

प्रत्यक्षात हे काम कोठून सुरू व्हावे? संशोधनाच्या शेवटी नव्हे, आरंभी. विद्यार्थी पहिली मासळी मोजण्याआधी ग्रंथपालाने त्याच्याबरोबर तासभर बसावे. फायलींना नावे कशी द्यायची, एकके कोठे लिहायची, रकान्यांचा अर्थ सांगणारे टिपण कसे ठेवायचे, हे ठरवावे. काम संपल्यावर मूळ नोंदी साध्या, कोणत्याही संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात ग्रंथालयात जमा व्हाव्यात. त्यांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी राहाव्यात आणि दर काही वर्षांनी त्या उघडतात की नाही हे तपासले जावे. प्रत्येक संचाला कायमचा क्रमांक मिळावा, म्हणजे दुसऱ्याने तो वापरला की मूळ संशोधकाचा उल्लेख होईल. ज्याने बारा महिने पहाटे उठून बोंबील मोजले, त्याला त्या मोजणीचे श्रेय निबंधाच्या श्रेयाइतकेच मिळाले पाहिजे. आणि कपाटांतील जुन्या वह्या संगणकात उतरविण्याचे काम वाळवीच्या आधी पुरे झाले पाहिजे.

हे स्वप्नरंजन नाही. आकाशाचा नकाशा तयार करणाऱ्या अमेरिकेतील 'स्लोन' प्रकल्पात जिम ग्रे यांनी स्वतः काम केले होते. त्याचे पहिले टप्पे २००८ साली संपले, तेव्हा साठलेल्या प्रचंड नोंदी दीर्घकाळ जपण्याची जबाबदारी शिकागो आणि जॉन्स हॉपकिन्स या विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी उचलली. दुर्बीण खगोलशास्त्रज्ञांची, पण आकाशाची वही ग्रंथपालांच्या हाती, अशी ही वाटणी आहे.

काही आक्षेप

ग्रंथपालाला संख्याशास्त्र किंवा मत्स्यविज्ञान येत नाही, मग तो नोंदी कशा सांभाळणार, असा आक्षेप घेतला जातो. पण रसायनशास्त्राच्या पुस्तकांचे वर्गीकरण करणारा ग्रंथपाल रसायनशास्त्रज्ञ नसतो. नोंदी तपासणे हे शास्त्रज्ञाचेच काम राहील. त्या शोधता येतील आणि समजतील अशा ठेवणे हे ग्रंथपालाचे. त्यासाठी ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात बदल करावा लागेल, हे मात्र खरे.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा. कष्टाने मिळविलेल्या नोंदी उघड्या केल्या तर दुसराच कोणी त्यांवर निबंध लिहील, ही भीती निराधार नाही. यावर तोडगा असा की जमा करणे सक्तीचे असावे, पण खुले करण्याला ठराविक मुदत असावी. जमा करणे आणि खुले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो कोळ्यांचा आहे. कोणत्या खुंटावर कोणत्या महिन्यात मासळी लागते, हे ज्ञान घराण्याचे असते. ते नकाशासह जाहीर झाले तर मोठ्या यांत्रिक नौका तेथे येतील, ही त्यांची शंका कोण खोटी ठरविणार? म्हणून व्यक्तीचे नाव आणि नेमकी जागा झाकून ठेवण्याचे नियम हवेत, आणि ते नियम करताना मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना विचारले पाहिजे. दुर्मिळ ग्रंथ कोणाला दाखवायचा आणि कोणाला घरी न्यायला द्यायचा हा विवेक ग्रंथालये करीतच आली आहेत.

घेण्यासाठी पैसा, जपण्यासाठी?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी आकडेवारी लोकांना मिळावी यासाठी केंद्राने २०१२ साली राष्ट्रीय धोरण ठरविले. कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ साली आपल्या संशोधनाच्या मुक्त उपलब्धतेचे धोरण स्वीकारले. प्रबंधांसाठी 'कृषिकोश' आणि संशोधनातील नोंदींसाठी 'कृषी' नावाचे संकेतस्थळ उभे केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधकांना खुली करण्याची ही योजना आहे. लहान गावच्या महाविद्यालयातील प्राध्यापकाला ती उपकारक ठरेल यात शंका नाही.

तथापि यातील विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. जगाने काढलेले निष्कर्ष विकत घेण्यासाठी हजारो कोटींची तरतूद होते. आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच माणसांनी केलेल्या मोजणीला मात्र अनेक ठिकाणी हक्काचे कपाटही नसते. संकेतस्थळ उभारणे सोपे असते, त्यात नोंद आणून भरणारा माणूस नेमणे कठीण असते. ग्रंथपालाचे पद रिक्त ठेवून कारकुनाकडे किल्ल्या सोपविणाऱ्या संस्थांकडून नोंदी जपण्याची अपेक्षा करता येणार नाही.

फार मोठ्या खर्चाशिवाय करता येण्याजोग्या गोष्टीही आहेत. नोकरदार वर्गाला परिचित असे एक उदाहरण घेता येईल. सरकारी संस्थेतून निवृत्त होणाऱ्याला ग्रंथालयाकडून ना-देय प्रमाणपत्र घ्यावे लागते. पन्नास रुपयांचे पुस्तक परत केले नसेल तर हे प्रमाणपत्र अडते. पण तीस वर्षांच्या नोंदी घरच्या कपाटात राहिल्या तर काहीच अडत नाही. त्या प्रमाणपत्रात 'संशोधनाच्या नोंदी जमा केल्या' अशी एक ओळ वाढविली आणि ती गांभीर्याने पाळली, तर एका पिढीचे ज्ञान वाचेल. प्रबंध स्वीकारतानाही हीच अट घालता येईल. उपनगरांतील महाविद्यालयांचे विद्यार्थी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी खाडीचे पाणी तपासतात, गुण मिळतात आणि वह्या रद्दीत जातात. वर्सोव्याच्या खाडीचे असे दर वर्षीचे आकडे, एकाच जागेचे व एकाच पद्धतीचे, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात वीस वर्षे जमत राहिले, तर त्या सामान्य वह्यांना असामान्य मोल येईल. हे काम एका शिक्षकाने आणि एका ग्रंथपालाने ठरविले तरी सुरू होऊ शकते.

कोळ्याची साक्ष

शेवटी प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही. वर्सोव्याहून वांद्र्याकडे जाणाऱ्या सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या सागरी सेतूचे काम सुरू आहे. अशा प्रकल्पांत कोळ्यांच्या वाट्याला येणारी हानी किती, हा वाद दर वेळी उभा राहतो. वरळीच्या मच्छीमारांना सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांतील अंतर ६० मीटरऐवजी १२० मीटर करून घेण्यासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. ते २०२२ च्या अखेरीस मान्य झाले. भरपाईच्या चर्चेत पहिला प्रश्न असतो, 'आधी तुम्हाला मासळी किती मिळत होती?' आणि कोळी सांगतो ते तोंडी असते म्हणून मोजले जात नाही. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. तो नियमही वर्षानुवर्षे पट्टीने मोजलेल्या मासळीवरच उभा आहे. नियम पाळणाऱ्या कोळ्याला उद्या त्याचा लाभ झाला की नाही, हे विचारण्याचा अधिकार आहे. आणि त्याचे उत्तर आजच्या नोंदी जपल्या तरच देता येईल.

म्हणजे बंदरावरची वही शास्त्रज्ञाच्या निबंधाइतकीच कोळ्याच्या हक्काचीही साक्ष आहे. ती कोणत्या संस्थेत, कोणत्या क्रमांकाखाली ठेवली आहे आणि मागितल्यावर किती दिवसांत मिळेल, याचे उत्तर देणारा माणूस ग्रंथालयात बसलेला असला पाहिजे. १८५९ साली कुलाब्याला रात्रंदिवस आकडे लिहिणाऱ्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत, पण त्यांच्या वहीने जगाच्या उपयोगी पडून दाखविले. वर्सोव्याच्या बंदरावर आज जे लिहिले जात आहे, तेही २१०० साली कोणीतरी मागायला येईल. त्याच्या हाती ती वही पडेल की नाही, हे आजच ठरायचे आहे.